कुंपणाजवळचं टेबल

काचा तापायच्या आत धुऊन मोकळं व्हावं लागतं. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की ती तडकते, आणि तडकलेल्या काचेचा जाब शेवटी धुणारीलाच विचारतात. म्हणून सौरप्रकल्पावरच्या धुणाऱ्या बायका उजाडता उजाडताच फाटकातून आत शिरायच्या. हातात लांब दांड्याचे मॉप, डोक्याला घट्ट बांधलेले रुमाल, आणि अर्धवट झोपेतही तोंडाने एकमेकींच्या घरच्या उखाळ्यापाखाळ्या चालूच.

ती त्यांच्याही आधी यायची. नवरा प्रकल्पावरच पाण्याचा टँकर चालवायचा, त्याच्या शेजारी बसून. फाटकाजवळच्या हौदावर टँकर भरायला लागला की ती एक बादली भरून घ्यायची, खांद्यावर जुन्या सुती चादरीचा फाडलेला तुकडा टाकायची आणि रांगांमधून चालत पार टोकाला जायची. प्रकल्प तिथे संपतो आणि तारेचं कुंपण लागतं. शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या टेबलापाशी ती बादली टेकवायची. टेबल म्हणजे एका लोखंडी सांगाड्यावर तिरक्या बसवलेल्या वीसेक काचा. अशी हजारो टेबलं त्या माळावर एकाच दिशेला तोंड करून उभी होती.

त्या एका टेबलाखाली तिचं बाळ होतं.

मॉप ती तिथे वापरायची नाही. हाताने पुसायची, झोपेतून उठलेल्या मुलाचं तोंड पुसावं तशी, वरून खाली, हलक्या हाताने. काचेच्या कडेला साचलेली माती बोटाला फडकं गुंडाळून काढायची, कानामागचा मळ काढतात तशी. वरच्या काचांना हात पुरत नसे, मग सांगाड्याच्या आडव्या दांडीवर पाय ठेवून चढायची. पुसून झालं की खाली सावलीत दोन क्षण बसायची. बोलायची नाही. काय बोलणार? ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याच्याशी बोलायला सुरुवात कुठून करायची, हेच तिला उमगलं नव्हतं.

बाळ दिवस भरायच्या आधी आलं आणि आलं तसं गेलं. ती तेव्हा शुद्धीवर नव्हती. तिचा जीव वाचतो की नाही अशी धावपळ चालली होती, आणि त्या धावपळीत कुणीतरी कापडात गुंडाळलेलं ते गाठोडं नवऱ्याच्या हातात दिलं होतं. तो एकटाच गावामागच्या माळावर गेला आणि एका वाकड्या झाडाखाली त्याला ठेवून आला. तिला हे सगळं नंतर कळलं, तेही तुटक तुटक. दवाखान्यातून तिला थेट आईकडे नेलं, अंगात रक्त म्हणून उरलं नव्हतं. ती परत आली तेव्हा माळाला कुंपण पडलं होतं आणि आत यंत्रं घरघरत होती. झाड नव्हतंच. तिने तारेत बोटं अडकवून विचारलं, "कुठे?" तो बराच वेळ आत बघत राहिला. मग हात वर केला. "ते बघ. तो कोपरा."

पुढे त्याला तिथेच टँकरवर काम मिळालं. काचा धुवायला बायका घेतायत असं त्याच्या तोंडून निसटलं मात्र, तिने दुसऱ्याच दिवशी जाऊन नाव दिलं. "उन्हात करपशील," तो म्हणाला. "अजून धड उभी राहत नाहीस." तिने ऐकलं नाही.

बायकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्यात ज्या सगळ्यात थोरल्या होत्या त्यांना सगळ्या मावशी म्हणायच्या, आणि मावशींच्या जिभेला हाड नव्हतं.

"काय गं, त्या टेबलाशी काय लग्न लागलंय तुझं? रोज सकाळी नटवतेस ते!"

"तिथे पक्षी फार घाण करतात, मावशी."

"आमच्या रांगेत काय पक्षी अदबीने लांब बसतात?"

सगळ्या खिदळायच्या. तीही हसल्यासारखं करायची. दिवस असे चालले होते, आणि तिला त्यातच बरं वाटत होतं.

प्रकल्प तसा मध्यम. याच्या दसपट मोठे प्रकल्प देशात होते, आणि याच्यापुढे खेळण्यासारखे दिसावेत असे लहानही होते. पण कंट्रोल रूममधल्या इंजिनियर मॅडमना आपल्या प्रकल्पाचं भारी कौतुक. वयाने तरुण, आवाज मोठा, आणि बायकांमध्ये येऊन जमिनीवर फतकल मारून बसायची सवय. एकदा त्यांनी समजावून सांगितलं होतं. साऱ्या देशाची वीज कुठून येते आणि कुठे जाते, यावर एक केंद्र डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवून असतं. त्या केंद्राला प्रत्येक प्रकल्पाने आधीच सांगायचं असतं, आम्ही अमुक वेळेला इतकी वीज देऊ. सांगितलं तेवढी आली नाही, तर कुठेतरी कुणाचीतरी बंद करावी लागते. वीज काही रांजणात भरून ठेवलेली नसते.

"म्हणजे आमच्या घरच्या मालकांच्या पगारासारखं," मावशी म्हणाल्या. "आधी मोठा आकडा सांगायचा, मग हातावर कमी टेकवायचा."

"अगदी! आणि कमी टेकवला की तुमच्याकडे काय होतं?"

"अंधार होतो, मॅडम. मी बोलायची बंद होते."

"तुम्ही? बंद?" मॅडम म्हणाल्या, आणि हशा असा उसळला की टँकरमधून तिच्या नवऱ्याने डोकं बाहेर काढून पाहिलं.

उन्हाळा अंगावर आला तसे हसण्याचे दिवस संपले. आधी उकाड्याने जीव नकोसा केला. मग दूरच्या एका मोठ्या कोळशाच्या वीजकेंद्रातला संच बिघडून बंद पडला आणि देशभर विजेची ओढाताण सुरू झाली. लक्ष ठेवणाऱ्या त्या केंद्राने सगळ्या प्रकल्पांना निरोप धाडले, जेवढी देता येईल तेवढी द्या, पण जेवढी सांगाल तेवढी द्याच. नेमकं त्याच आठवड्यात माळावर धुळीचं वादळ आलं. सकाळी बघावं तर सगळ्या काचांवर पिवळट थर, जणू कुणी चाळणीने पीठ चाळून गेलं होतं. बायका धुवायला लागल्या, पण एवढी टेबलं एका सकाळी थोडीच होतात? ऊन चढलं आणि मॉप खाली ठेवावे लागले.

तिचं टेबल तेवढं धुऊन झालं होतं. नेहमीसारखं, सगळ्यांच्या आधी.

त्या दुपारी प्रकल्पाने कबूल केलेली वीज दिली नाही. थोडीथोडकी नव्हे, चांगलीच कमी पडली. केंद्रातून फोनवर फोन आले, आणि शेवटी जवळच्या शहराचा एक भाग बंद करावा लागला. ऐन उन्हात, पंखे थांबवून. संध्याकाळी नवऱ्याने घरी येऊन सांगितलं तेव्हा तिच्या मनात आलं ते इतकंच, की त्या भागात कुठेतरी एखादी ओली बाळंतीण मुलाला पुठ्ठ्याने वारा घालत बसली असेल.

दुसऱ्या दिवशी मॅडम हातात टॅब घेऊन रांगांमध्ये फिरताना दिसल्या. चेहरा रात्रभर जागल्यासारखा. फिरत फिरत त्या कुंपणाजवळच्या टेबलापाशी थांबल्या, काचेवर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, शेजारच्या टेबलावर बोट फिरवलं, पुन्हा पाहिलं. मग तिथल्या तिथे मातीत बसल्या.

"हे टेबल कोण धुतं?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मावशी पुढे झाल्या. "सगळ्याच धुतो हो आम्ही. वारा तिकडून कमी येत असेल."

"मावशी, वारा तिकडूनच येतो."

"मी धुते," ती म्हणाली.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "काचांवर धूळ किती ते मोजायचं यंत्र बिघडलंय," त्या थकल्या आवाजात म्हणाल्या. "नवीन येईपर्यंत मी एका टेबलाची वीज बघून सगळ्या प्रकल्पाचा अंदाज बांधत होते. हे कडेचं, याचं मीटर चांगलं, म्हणून हेच धरलं. वाटायचं, काय छान चाललाय आपला प्रकल्प! रोज दोन बोटं जास्तच दिसायचं. काल सगळा माळ धुळीत होता आणि हे एकटं लख्ख. मी ह्याच्यावरून आकडा दिला." त्यांनी मान वर केली. "ताई, का पण? एवढं एकच का?"

"सवय," ती कशीबशी म्हणाली.

"चूक माझी आहे, तुमची नाही. एकाच टेबलावर भरवसा ठेवायला नको होता. पण वरच्या साहेबांनी आता निर्णय घेतलाय." मग त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावून सांगितलं. काचा साफ करायला आपोआप चालणारे ब्रश येणार. रांगेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकत जातील, पाणीसुद्धा लागणार नाही, आणि सगळ्या काचा सारख्याच साफ होतील. बायकांना गवत काढायला, रोपवाटिकेत, कुठे कुठे सामावून घेऊ. रांगांमध्ये मात्र यापुढे कुणी जायचं नाही. "आणि प्रत्येक रांगेच्या टोकाला ब्रश थांबायला चौथरा लागतो. उद्यापासून खड्डे घेणार. सुरुवात इथूनच."

मॅडमनी बोट दाखवलं ते नेमकं त्या टेबलाच्या बुंध्याशी.

त्या दिवशी तिने उरलेल्या काचा कशा धुतल्या, तिचं तिला कळलं नाही. मावशी एरवी तोंड आवरायच्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला. काहीतरी आहे एवढं त्यांनी ओळखलं असावं.

घरी जाताना टँकरमध्ये ती सरळ म्हणाली, "उद्या मी मॅडमना सांगणार आहे. सगळं."

नवऱ्याने गिअर बदलला. "काय सगळं?"

"तो तिथे आहे ते. त्या चांगल्या आहेत, ऐकतील. चौथरा एका बाजूला सरकवा म्हणावं. पाया पडेन मी त्यांच्या. हवं तर साहेबांच्याही."

"नको सांगूस."

"का नको? लाज कसली त्यात?"

"लाज नाही गं."

"मग? उद्या खणणार आहेत तिथे, ऐकलं ना? फावडी घालणार आहेत!"

"खणू दे."

तिने त्याच्याकडे पाहिलं. या माणसाने आजवर तिच्यावर आवाज चढवला नव्हता, तिच्या ताटात चांगलं वाढून स्वतः उरलंसुरलं खाल्लं होतं, आणि आता समोरच्या रस्त्यावरून नजर न काढता तो म्हणत होता, खणू दे.

"तुमच्या काळजाचा दगड झालाय का हो?"

त्याने टँकर रस्त्याच्या कडेला घेतला आणि बंद केला. मागे टाकीत उरलेलं पाणी थोडा वेळ हिंदकळत राहिलं.

"तिथे नाही तो," तो म्हणाला.

तिला अर्थच लागला नाही.

"तू आईकडे होतीस तेव्हा मी जायचो माळावर. सुट्टी मिळेल तेव्हा. एकदा गेलो तर झाड नव्हतं. कुठलंच नव्हतं. उंचवटे खरवडून सगळी माती खोलगटात लोटली होती, माळ नुसता तळहातासारखा सपाट. मी यंत्रावरच्या माणसाला विचारलं, इथलं वाकडं झाड कुठे होतं? तो म्हणाला, दादा, सकाळपासून कितीतरी पाडली, कुठलं म्हणून सांगू?" त्याने तोंडावरून हात फिरवला. "मी पावलं टाकून बघितली. नाल्यापासून, गावच्या वाटेपासून. काही लागेना. नालासुद्धा बुजवला होता त्यांनी. मग तू आलीस. हाडांचा सापळा झाला होता तुझा. तारेला धरून उभी राहिलीस आणि विचारलंस, कुठे? मी काय सांगायचं होतं? हरवला म्हणून? एकदा गेला तो गेलाच, आता पुन्हा हरवला म्हणून सांगू? माझा हात वर गेला, आणि गेला तो तिकडे गेला."

"मग आहे कुठे?"

"असेल. त्याच मातीत असेल कुठेतरी. इकडची तिकडे झाली ना माती, तिच्यात."

तिने दार उघडलं आणि खाली उतरली. घरापर्यंत ती चालत गेली, तो टँकर हळूहळू मागून आणत राहिला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून पुढे गेल्या. घरी आल्यावर तिने दिवा लावला, स्वयंपाक केला, त्याला वाढलं. भांडी घासताना मात्र एक पातेलं घासायला घेतलं ते घासतच राहिली, शेवटी त्याने येऊन ते तिच्या हातातून काढून घेतलं.

सकाळी ती टँकरमध्ये बसली. हौदावर टँकर भरायला लागला. तिने बादली घेतली नाही.

कोपऱ्यात दोन मजूर फावडी घेऊन उभे होते आणि मॅडम त्यांना थांबवून धरत होत्या. तिला बघताच त्या लगबगीने पुढे आल्या.

"ताई, तुमचीच वाट बघत होते. मी रात्री साहेबांशी बोलले. ब्रश आले तरी एक टेबल रोज हाताने धुतलेलं लागेलच आपल्याला. ते स्वच्छ आणि बाकीची मळलेली, त्यातल्या फरकावरून मला धूळ कळेल, पुन्हा अंदाज चुकणार नाही. त्याच्यासाठी एक माणूस द्यायला साहेब तयार झालेत. तुम्ही कराल?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि तुमचं हेच टेबल ठेवू. चौथरा पलीकडे घ्यायला सांगते मी यांना. का ते नाही विचारत तुम्हाला."

कालपर्यंत तिने जे पाया पडून मागितलं असतं, ते सगळं न मागता समोर येऊन उभं राहिलं होतं. तिने टेबलाकडे पाहिलं. कालपासून त्याच्यावरही धूळ बसली होती. आता ते बाकीच्यांपेक्षा निराळं काढता आलं नसतं. तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं. तो पाइप हातात धरून लांब उभा होता, मान खाली.

"कुठलंही चालेल, मॅडम," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ऑफिससमोरचं घ्या. तुम्हाला खिडकीतून बघायला बरं पडेल."

"नक्की? ताई, मला वाटलं..."

"नक्की."

मॅडम क्षणभर घुटमळल्या. मग त्यांनी मजुरांना मान हलवून खूण केली. ती बाजूला झाली नाही. पहिलं फावडं जमिनीत घुसलं तेव्हा तिने डोळे मिटले, आणि मग उघडे ठेवले. माती निघत गेली. वर पिवळी, खाली लालसर, मध्येच कुठल्याशा मुळीचा तुकडा, खडे. खड्डा कमरेइतका झाला. मजुरांनी कडा तासल्या, एकाने बाहेर येऊन घाम पुसला आणि विचारलं, "वहिनी, पाणी मिळेल का प्यायला?"

तिने नवऱ्याला हाक मारली. तो पाणी घेऊन आला. मजूर पाणी पिऊन पुढच्या रांगेकडे गेले आणि त्या खड्ड्याच्या काठावर ती दोघंच उरली. तो पाय हलवत उभा राहिला, जावं की थांबावं अशा विचारात.

"तुम्ही पाहिलंत ना त्याला?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली.

"तोंडावरचं कापड काढलं होतं?"

"काढलं होतं."

आजवर तिने कुठे एवढंच विचारलं होतं. कसा, हे तिने कधी विचारलं नव्हतं, आणि त्यानेही आपणहून सांगितलं नव्हतं.

"केस होते?"

"होते की. पुष्कळ. ओले, कपाळाला चिकटलेले."

"रंग?"

"तुझाच. कान मात्र माझे, असे पुढे आलेले." त्याने नकळत स्वतःच्या कानाला हात लावला. "तू झोपेत खालचा ओठ मुडपतेस ना? तसाच मुडपला होता. मला वाटलं, आता रडेल. मी थांबलो जरा वेळ."

ती खड्ड्याच्या काठावर बसली. थोड्या वेळाने तोही बसला.

"हलका असेल," ती म्हणाली. "एवढंसं ते."

"छे गं. जड होता. सगळ्यांना वाटतं, अशा लेकराचं वजन ते काय. दवाखान्यापासून माळापर्यंत हात भरून आले माझे. एका हातावरून दुसऱ्यावर घ्यायला हवा होता." त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "पण मान सांभाळायची असते ना त्यांची. म्हणून नाही घेतला."

तिने त्याचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, तळवा वर करून उघडला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"हा?" तिने विचारलं.

"हा," तो म्हणाला.